विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांसाठी होणाऱ्या प्रशिक्षण आणि आरोग्य कार्यशाळांचा खरंच काही उपयोग होतो का?

प्रश्न विचारणारे सहा महिन्यांपूर्वी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आहेत. आस्थापना विभागाचं पत्र आलंय: एक दिवस व्यावसायिक विकास, दुसरा दिवस ताणतणाव आणि आरोग्य. टेबलावर फायली साचल्या असताना जावं का, असं त्यांनी विचारलंय.

जा. फक्त कुठे वही उघडायची आणि कुठे मागच्या रांगेत बसून जेवणाच्या सुट्टीची वाट बघायची, ते ओळखायला शिका. एका राज्य विद्यापीठाच्या परीक्षा विभागात माझी २३ वर्षं गेली, त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली कार्यशाळा अजून आठवते. विषय होता 'वेळेचं व्यवस्थापन'. साहेब यायचे होते म्हणून ती पाऊण तास उशिरा सुरू झाली. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी कंपन्यांतल्या मॅनेजरांची उदाहरणं दिली. आमच्याकडे टिपणी सहा टेबलं फिरून येते, त्यातलं माझं टेबल एक. माझ्या वेळेचं व्यवस्थापन करून फाईल कितीशी पुढे सरकणार?

याच्या अगदी उलट अनुभव एका अर्ध्या दिवसाच्या वर्गाचा. वक्ता नाही, फ्लेक्स नाही. लेखा विभागातल्या एका सहकाऱ्याने आम्हा १२ जणांना संगणक कक्षात बसवलं आणि एक्सेल शिकवलं. तोवर पुनर्मूल्यांकनाचे अर्ज आणि शुल्क भरलेल्यांची यादी आम्ही हाताने जुळवायचो. एक जण पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, मोठ्याने वाचणार, दुसरा पट्टी सरकवत खूण करणार. दोन माणसं, दोन दिवस, आणि शेवटी घसा बसलेला. त्याने व्हीलूकअप, म्हणजे एका यादीतला नंबर दुसऱ्या यादीत आपोआप शोधणारं सूत्र, दाखवलं आणि तेच काम अर्ध्या तासावर आलं.

पण त्याने दाखवलेली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. आमचा पीआरएन सोळा आकडी. एक्सेल आकडा म्हणून पंधराच अंक धरतं आणि सोळाव्याच्या जागी गुपचूप शून्य टाकतं. आधीच्या वर्षी एका यादीत एकाच वर्गातली लागोपाठची नऊ-दहा मुलं एकाच नंबराची झाली होती आणि आम्ही महाविद्यालयाला दोष देत बसलो होतो. उपाय एवढाच, की नंबर टाकण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करून घ्यायचा. हे बाहेरचा वक्ता सांगूच शकला नसता, कारण त्याला आमची यादी कुठे अडते ते ठाऊक नाही.

म्हणून म्हणतो, विषय वरून यायची वाट बघू नका. तीन-चार जणांनी मिळून आस्थापनेला साधं पत्र द्या: आम्हाला अमुक शिकायचंय, शिकवणारा अमुक विभागात आहे. नवी यंत्रणा येणार असेल तर सराव आधी मागा. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल किती लांबले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आता क्रेडिट बँक (विद्यार्थ्याने मिळवलेल्या श्रेयांकांचं ऑनलाइन खातं), अपार क्रमांक (प्रत्येक विद्यार्थ्याचा देशभर चालणारा एकच ओळख क्रमांक) हे सगळं आपल्याच टेबलावर येतंय.

शिक्षकांचं गणित वेगळं आहे. त्यांच्या प्रशिक्षणासाठी १९८७ पासून अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, पुढे नावं बदलली, २०२३ पासून मालवीय मिशन म्हणतात. तिथले अभ्यासक्रम त्यांच्या पदोन्नतीत धरले जातात, त्यामुळे कोणी बुडवत नाही. आम्हा शिक्षकेतरांना हजेरी आणि प्रमाणपत्र. आणि खिडकीवर दिवसभर उभी असलेली कंत्राटी मुलं तर पत्रात नसतातच. विद्यार्थ्यांच्या शिव्या मात्र तीच खातात.

आता आरोग्याचं. ताण कमी करायला हसा, श्वास घ्या, सकारात्मक राहा, हे ऐकून घ्या. श्वासाचं खोटं नाही. पण जूनमध्ये खिडकीवर मुलगा रडवेला उभा असतो, उद्या प्रवेशाची शेवटची तारीख, स्थलांतर प्रमाणपत्रावर सही नाही. त्या ताणाला प्राणायाम पुरत नाही. आमच्याकडे एका वर्षी निकालाच्या महिन्यात दुसरी खिडकी उघडली. सगळ्या व्याख्यानांपेक्षा तिने जास्त आराम दिला.

शिबिरात तपासणी असेल तर मात्र रांग सोडू नका. मी रांग लहान दिसली म्हणून सहज हात पुढे केला, तर बीपी १६०/१००. सिस्टरनी दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतला, फारसा फरक नाही. मला काहीच त्रास नव्हता! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, गोळी सुरू झाली. एकदा एक फिजिओथेरपिस्ट बाई आल्या होत्या, त्या सभागृहात न बोलता थेट विभागात आल्या. माझा मॉनिटर त्यांनी दोन रिम कागदांवर चढवला, खुर्ची पुढे ओढली. मान धरायची थांबली. ते रिम अजून तिथेच आहेत, भांडार विभागाला सांगू नका. आणि मनावरचं ओझं ऑफिसात बोलण्यासारखं नसेल तर १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

शेवटचं काम कागदाचं. जाण्याचं पत्र, कार्यमुक्तीचा आदेश आणि प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडून सेवापुस्तकात नोंद करून घ्या, त्याच आठवड्यात. 'नंतर बघू' म्हणून मी ठेवलेली तीन प्रमाणपत्रं घरच्या कपाटात पडून आहेत. त्यातलं वेळेच्या व्यवस्थापनाचं तर लॅमिनेट केलेलं आहे.