वाचकांचे प्रश्न : सर्व्हरला जोडलेली नवी डिस्क

प्रश्न : लिनक्स सर्व्हरला ४ टीबीची दुसरी डिस्क जोडून फॉरमॅट केली आणि '/ईटीसी/एफएसटॅब'मध्ये (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) '/डेव्ह/एसडीबी१' या नावानं नोंद केली. दोन महिने सुरळीत चाललं. परवा आणखी एक कोरी डिस्क लावून रीबूट केलं, तर सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबला. डिस्क दोन्ही ठणठणीत आहेत. मग अडलं कुठे?

उत्तर : नावात. एसडीए, एसडीबी हे डिस्कचं कायमचं नाव नव्हे. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिस्क ज्या क्रमानं सापडतात त्या क्रमानं ही नावं वाटली जातात. नवी डिस्क आधी सापडली, ती एसडीबी झाली आणि तुमची जुनी एसडीसी. कोऱ्या डिस्कवर पार्टिशनच (आखलेला भागच) नाही, म्हणजे '/डेव्ह/एसडीबी१' कधी दिसणारच नव्हतं. सिस्टिमडीनं (बूट होताना सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमनं) नेहमीप्रमाणे ९० सेकंद वाट पाहिली आणि हात टेकले.

आधी सर्व्हर उठवा. रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड देऊन आत शिरा. रूट फाइलसिस्टिम (मूळ '/' डिरेक्टरी जिच्यावर असते ती) फक्त वाचण्यापुरती उघडली असेल तर 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' द्या, एफएसटॅबमधल्या त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश टाका आणि रीबूट करा. मग 'ब्लकआयडी' चालवून पार्टिशनचा यूयूआयडी (त्याचा एकमेव ओळखक्रमांक) घ्या. तो फाइलसिस्टिमच्या आतच लिहिलेला असतो, त्यामुळे केबल कुठल्याही पोर्टला लावली तरी तोच राहतो. (पुन्हा फॉरमॅट केलंत तर मात्र नवा येतो, हे विसरून पुष्कळ जण याच खड्ड्यात दुसऱ्यांदा पडतात.) ओळ अशी हवी :

यूयूआयडी=ब्लकआयडीनं दिलेला आकडा   /डेटा   ईएक्सटी४   डीफॉल्ट्स,नोफेल   ०   २

शेवटचा २ म्हणजे बूट होताना रूटनंतर या डिस्कची तपासणी व्हावी. फाइलसिस्टिम ईएक्सटी४ऐवजी एक्सएफएस असेल तर तिथे ० लिहा. 'नोफेल'मुळे डिस्क सापडली नाही तरी बूट अडत नाही. पण त्यालाही एक काटा आहे. डिस्क माउंट झालेली, म्हणजे डिरेक्टरीला जोडलेली, नसताना बॅकअपची स्क्रिप्ट '/डेटा'मध्ये खुशाल लिहीत राहते आणि ते सगळं रूट फाइलसिस्टिमवर साचतं. यावर सोपा उपाय : डिस्क अनमाउंट असताना रिकाम्या डिरेक्टरीवर 'सीएचएटीटीआर +आय /डेटा' चालवा. मग माउंट नसताना तिथे रूटलासुद्धा फाइल करता येत नाही. माउंट झाल्यावर लिहायला काहीच आडकाठी नाही.

एफएसटॅबला हात लावला की रीबूटची वाट न पाहता तिथेच तपासा. डिस्क अनमाउंट करा, 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' द्या, 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' काय म्हणतं ते पाहा आणि 'माउंट -ए' चालवा. ते काही न बोलता परत आलं आणि 'डीएफ -एच'मध्ये डिस्क दिसली, तरच रीबूट.

प्रश्न : त्याच मापाच्या दुसऱ्या डिस्कवर एफडिस्कनं २ टीबीच्या पुढे पार्टिशन होत नाही. शिवाय पहिली ४ टीबीची डिस्क ३.६ का दाखवते?

उत्तर : एफडिस्क कोऱ्या डिस्कवर आपणहून एमबीआर हा पार्टिशनचा जुना तक्ता बनवतो. त्यात सेक्टरचा (डिस्कवरच्या लहानशा कप्प्याचा) क्रमांक ३२ बिटांत बसवावा लागतो, म्हणून ५१२ बाइटच्या सेक्टरला हद्द २ टीबीच्या आसपास संपते. एफडिस्कमध्ये शिरल्यावर आधी 'जी' दाबा, म्हणजे जीपीटी हा नवा तक्ता बनेल. मग 'एन'नं पार्टिशन करा. सुरुवातीचा सेक्टर २०४८ सुचवला जातो, तोच ठेवा.

३.६ हा नुसता मोजण्याच्या पट्टीतला फरक आहे. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, 'डीएफ -एच' १०२४च्या. खरी हातची जागा जाते ती वेगळीकडे : ईएक्सटी४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं, म्हणजे या डिस्कवर १८० जीबीच्या वर. नुसत्या डेटाच्या डिस्कला एवढी गरज नाही. 'ट्यून२एफएस -एम १' देऊन ती १ टक्क्यावर आणा. डिस्क माउंट असतानाही हे चालतं.

प्रश्न : रूट भरत आलं म्हणून नवी डिस्क '/व्हार/लिब/पीजीएसक्यूएल'वर माउंट केली. डेटाबेस सुरू होत नाही, फाइली गायब आणि रूट होतं तेवढंच भरलेलं. डेटा गेला का?

उत्तर : गेला नाही, झाकला गेला. डिरेक्टरीवर डिस्क माउंट केली की आतल्या जुन्या फाइली तिच्याखाली दडतात. जागा मात्र रूटवरचीच खातात. डिस्क अनमाउंट करा, फाइली जिथल्या तिथे दिसतील.

आता हलवण्याचं काम क्रमानं करा. डेटाबेस थांबवा. नवी डिस्क '/एमएनटी'वर माउंट करून आरसिंक (फाइलींची नक्कल करणारी कमांड) चालवा : छोटा ए, मोठे एच, ए आणि एक्स हे पर्याय द्या आणि मूळ डिरेक्टरीच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ ठेवा. ती द्यायची विसरलात तर '/एमएनटी'त 'पीजीएसक्यूएल' नावाची आणखी एक डिरेक्टरी तयार होते आणि सगळे पत्ते एका पायरीनं चुकतात. मग '/एमएनटी' सोडवा, जुन्या डिरेक्टरीचं नाव बदला, त्याच नावाची रिकामी बनवा आणि डिस्क तिच्यावर माउंट करा. मालकी आणि परवानग्या पाहायच्या त्या माउंट केल्यानंतर. आधी केलेला 'सीएचओन' (मालकी बदलणारी कमांड) खालच्या झाकलेल्या डिरेक्टरीला लागतो. एसई-लिनक्स (लिनक्समधली जादा सुरक्षा-व्यवस्था) चालू असेल तर 'रीस्टोअरकॉन -आर'ही द्या. डेटाबेस नीट चालतोय याची खात्री पटली की मगच जुनी डिरेक्टरी पुसा.

प्रश्न : व्हर्च्युअल मशीनची डिस्क १०० वरून २०० जीबी केली, डीएफ अजून १००च दाखवतं.

उत्तर : वाढ खालून वर, थराथरानं पोचवावी लागते. '/सिस/क्लास/ब्लॉक/एसडीबी/डिव्हाइस/रीस्कॅन' या फाइलीत १ लिहा, म्हणजे कर्नलला नवं माप कळेल. 'एलएसबीएलके'नं पाहून घ्या. मग 'ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीबी १'. डिस्कचं नाव आणि १ यांच्यामध्ये मोकळी जागा हवी, ती सोडायची विसरलात की कमांड चालत नाही. एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारा मधला थर) असेल तर 'पीव्हीरीसाइझ', त्यावर 'एलव्हीएक्स्टेंड -आर'. यातला आर फाइलसिस्टिमही वाढवतो. एलव्हीएम नसेल तर ईएक्सटी४ला 'रीसाइझ२एफएस' पार्टिशनच्या नावानं, एक्सएफएसला 'एक्सएफएस_ग्रोएफएस' माउंट पॉइंटच्या नावानं. एक्सएफएस वाढवलं की लहान करायची सोय जवळपास नाहीच, म्हणून एलव्हीएमवर असाल तर सगळे १०० जीबी एकदम देऊ नका. लागतील तसे द्या.