‘स्वेच्छेने’ राजीनाम्यावर सही करू का?

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात मी १४ वर्षं कायम कामगार आहे. गाड्यांच्या सायलेन्सरचे पाइप बनवतो. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे ऑर्डर आटल्या असं सांगून कंपनी एकेकाला केबिनमध्ये बोलावते आणि ‘स्वेच्छेने राजीनामा देत आहे’ अशा कागदावर सही मागते. कायम कामगार १८०, युनियन नाही. मला सगळं मिळून साडेतीन लाख देणार म्हणे. सोमवारपर्यंत सही केली नाही तर ग्रॅच्युइटीही अडकेल, असं एचआर म्हणतात. गेल्या वर्षी मला ‘टीम लीडर’ केलं, त्यामुळे मी कामगारच नाही, असाही त्यांचा दावा आहे. मूळ पगार अधिक महागाई भत्ता २६,००० रुपये. काय करावं?

उत्तर : सोमवारी सही करू नका. आधी कागद-पेन घ्या.

२६,००० ला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग १४ वर्षांनी गुणा. येतात २,१०,०००. ही तुमची ग्रॅच्युइटी. राजीनामा द्या, कपात होऊ द्या, नाहीतर कारखान्याला टाळं लागू द्या, ती मिळणारच. अडकवण्याची धमकी पोकळ आहे. म्हणजे साडेतीन लाखांतले २,१०,००० तुमचेच होते. नोकरीची किंमत म्हणून कंपनी देते आहे फक्त १,४०,०००.

आता कंपनीने रीतसर कामगार कपात केली तर काय द्यावं लागेल? एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, २६,०००. प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, ढोबळमानाने १,८२,०००. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांना नवं कौशल्य शिकता यावं म्हणूनचा निधी) १५ दिवसांचा पगार, १३,०००. झाले २,२१,०००. ग्रॅच्युइटी धरून ४,३१,०००. ‘स्वेच्छेने’ या एका शब्दात ८१,००० रुपये गेले, कारण स्वेच्छानिवृत्ती कायद्याने कपातीत मोजलीच जात नाही. भत्ते मोठे असतील तर कायद्यातल्या पगाराच्या नव्या व्याख्येनुसार आकडा आणखी वाढू शकतो; पगारपत्रक घेऊन एखाद्या वकिलाकडून तपासून घ्या.

तुम्हाला न आवडणारी गोष्टही सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे कपात आणि कामगार-मालक वादांचा नवा कायदा, लागू आहे. कामगार कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी आता ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तरच लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती. १८० कामगारांच्या कारखान्याला ती लागत नाही. त्यामुळे नोकरी टिकवण्यापेक्षा पैसा आणि क्रम यांवर भर द्या. कपातीत साधारणपणे त्या गटात शेवटी आलेला आधी जातो. १४ वर्षांच्या माणसाला आधी का काढलं, हे कंपनीला सांगावं लागेल. आणि कारखानाच बंद करणार असतील तर ६० दिवस आधी सरकारला नोटीस द्यावी लागते. माल पडून आहे, तोटा होतोय, एवढ्यावरून भरपाई तीन महिन्यांच्या पगारावर आणता येत नाही. ही पळवाट कायद्यानेच बंद केली आहे.

‘टीम लीडर’चा मुद्दा मात्र गंभीर आहे, कारण सुपरवायझरचा पगार १८,००० च्या वर गेला की तो कामगाराच्या व्याख्येतून बाहेर पडतो, आणि कपातीचं हे संरक्षण त्याला मिळत नाही. पण न्यायालय पाटीकडे बघत नाही, मुख्य काम काय ते बघतं. तुम्ही दिवसभर वेल्डिंगवर उभे असता का? रजा मंजूर करण्याचा, मेमो देण्याचा अधिकार तुम्हाला आहे का? नसेल, तर तुम्ही कामगारच. मशीनवरच्या रोजच्या नोंदी, शिफ्टचे तक्ते, तुमच्या नावाचे उत्पादनाचे आकडे यांचे फोटो आजच काढून ठेवा. कंपनीची गुपितं त्यात येऊ देऊ नका, एवढी काळजी घ्या.

‘उद्या दुसरा कोणी कारखाना घेईल, आम्हाला ठेवेल’, अशी आशा चाकणच्या चहाच्या टपरीवर फार ऐकू येते. तळेगाव आठवा. तिथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा. चालू उद्योग हस्तांतरित झाला आणि सेवा त्याच अटींवर अखंड राहिली, तर नोकरी नव्या मालकाकडे जाते. नुसती मालमत्ता विकली तर तसं आपोआप घडत नाही. तुमच्याच मालकाने मात्र कपातीनंतर वर्षभरात नवी भरती केली, तर आधी तुम्हाला विचारलं पाहिजे.

सोमवारी दोन ओळी लिहून द्या : ‘मी राजीनामा देऊ इच्छित नाही. कपात करायची असल्यास कायद्याप्रमाणे लेखी नोटीस द्यावी.’ पोच मागा. दिली नाही तर त्याच दिवशी ईमेल करा आणि रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवा. काढलंच, तर सगळी देय मजुरी दोन कामकाजी दिवसांत मिळायला हवी. वाद समेट अधिकाऱ्याकडे (तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) नेता येतो; ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं. काढल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

ज्या सोबत्यांनी घाबरून आधीच सही केली आहे, त्यांनी ती दबावाखाली केली हे आजच कंपनीला लेखी कळवावं. महिनाभराने लिहिलेल्या पत्रावर फारसा कुणी विश्वास ठेवत नाही.