शीर जोडायला धागा कोणता?

प्रश्न : ऊस तोडताना भावाच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर कोयता बसला. शीर तुटली म्हणून कोल्हापुरात ऑपरेशन केलं. आतला धागा जन्मभर तसाच राहणार म्हणे. विरघळणारा का घातला नाही? (एक वाचक, शिरोळ)

उत्तर : तुम्ही जिला शीर म्हणता ती कंडरा, म्हणजे स्नायूची ओढ बोटापर्यंत नेणारी दोरी. तिला रक्तपुरवठा बेताचाच, म्हणून ती सावकाश जुळते. हलक्या कामाला साधारण सहा आठवडे, जोराच्या कामाला बारा. नेहमीचा विरघळणारा व्हिक्रिल तीन आठवड्यांत निम्म्या ताकदीवर येतो, म्हणजे कंडरा अजून कच्ची असतानाच तो हात सोडतो. म्हणून बहुतेक सर्जन इथे न विरघळणारा धागाच घालतात. तो आत राहिला तरी सहसा त्रास होत नाही. बोट कधी हलवायचं, किती हलवायचं, हे मात्र फिजिओ सांगतील तसंच करा. बरं वाटतंय म्हणून स्प्लिंट काढून भावानं बादली उचलली, तर जोड तुटू शकतो.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी नव्यानं सर्जरी करतो. बोटाची आतली कंडरा जोडायला पॉलिप्रोपिलीन घेऊ की विणलेला पॉलिएस्टर? (एक डॉक्टर, गडहिंग्लज)

उत्तर : मुख्य टाक्याला ३-० किंवा ४-० मापाचे दोन्ही धागे चालतात. पॉलिएस्टर ताणला जात नाही, गाठ घट्ट बसते. पण ऊतीतून ओढताना खरखरतो आणि जखम मळकी असेल तर विणीत जंतू दडतात. शेतातल्या जखमेत हे विसरू नका. पॉलिप्रोपिलीन सुळकन सरकतो, पण गाठ सुटते. निदान पाच फासे द्या आणि धागा नीडल होल्डरच्या (सुई धरायच्या चिमट्याच्या) जबड्यात पकडू नका. चेपला की तिथेच तुटतो.

पण आमच्या मते धाग्याच्या जातीपेक्षा जोडातून किती पदर जातात हे महत्त्वाचं. दोन पदरांवर लवकर हालचाल सुरू करणं धोक्याचं, चार तरी हवेत. टाका कापल्या टोकापासून सुमारे १ सेंटिमीटर आत घ्या. त्याहून फार जवळ घेतला तर धागा तंतू चिरत बाहेर येतो. सुई गोल अंगाची हवी, कारण धारदार सुई आधी घातलेला पदरच कापते. कडेनं त्याहून बारीक, ५-० किंवा ६-० पॉलिप्रोपिलीनचा धावता टाका घाला. त्यानं जोड गुळगुळीत होतो आणि ताकदही वाढते. कंडरा चिमट्यानं धरायचीच तर फक्त कापल्या तोंडाशी. पृष्ठभाग चिमटला की तिथेच ती आवरणाला चिकटते.

त्वचा शिवण्याआधी बोट पूर्ण सरळ करून, मग वाकवून पाहा. सरळ करताना फट दिसली तर टाके पुन्हा घाला. ती ३ मिलिमीटरच्या पुढे गेली तर जोड कमजोर राहतो. वाकवताना जोड पुलीखाली (कंडरेला हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याखाली) अडकला तर तिथली पुली थोडी मोकळी करा. मात्र ए-२ आणि ए-४ या दोन्ही पुल्या पूर्ण कापू नका, नाहीतर कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी उचलली जाते.