ब्रश स्क्रिप्ट फॉन्ट वापरताना

ब्रश स्क्रिप्ट, म्हणजे कुंचल्याने हाताने लिहिल्यासारखी दिसणारी अक्षरं, दोन-चार शब्दांपुरतीच वापर, बाकी मजकूर साध्या फॉन्टमध्ये ठेव. रोमन लिपीतली ब्रश स्क्रिप्ट सगळी कॅपिटलमध्ये लावू नकोस. ती अक्षरं सलग ओळीत वाचवत नाहीत. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं वाढीव अंतर) शून्यावरच राहू दे, नाहीतर अक्षरांचे जोड तुटतात. देवनागरीत तर शिरोरेषाच फाटते.

सगळ्यात जास्त वेळ दे तो पर्यायी अक्षररूपांना, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या आकारांना. एकाच शब्दात दोन ‘ओ’ हुबेहूब सारखे दिसले की हाताने लिहिल्याचा भास तिथेच संपतो. ओपनटाइप या फॉन्ट-प्रकारातले कंटेक्स्च्युअल अल्टरनेट्स (शेजारच्या अक्षरांनुसार आपोआप बदलणारी रूपं) चालू कर. शेवटच्या अक्षराला लांब शेपूट हवी तर घे, पण एकच! फ्रेंच अक्षररचनाकार रोजे एक्सकोफाँचा १९५३ चा ‘मिस्त्राल’ हा फॉन्ट मोठा करून बघ. जोड किती सहज जुळलेत ते दिसेल. आणि हो, छापायला देण्याआधी फॉन्टचा परवाना वाच.