कॅथलिक सोडून प्रोटेस्टंट झालं तर खरंच छळ होतो का? घरी कधी सांगावं?

होतो, पण पोलीस-कोर्टातला नाही. कागदावर आधीही ख्रिश्चन, नंतरही ख्रिश्चन, सरकारला काही पडलेली नाही. गावाला पडलेली असते.

आम्ही वसईकडचे, घर पिढ्यानपिढ्या कॅथलिक. बाबा रिटायर झाल्यावर पेंटेकोस्टल (प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ) सभेला जायला लागले, त्यांच्या मागून मी. जपमाळ सोडली तोवर कुणी फारसं बोललं नाही, सणाची वर्गणी बंद केली तेव्हा खरं पेटलं. मेक्सिकोत चियापासमधल्या सान हुआन चामुलातही तेच, 1970 च्या दशकापासून प्रोटेस्टंट झालेल्या हजारो आदिवासींना गावाबाहेर हाकललं, आणि भांडणाच्या मुळाशी सणांचा खर्च न् त्यातली दारू, जिच्या धंद्यावर गावचे पुढारी पोसलेले. आमच्याकडे फक्त लग्नाची आमंत्रणं थांबली. आणि दादा म्हणायचा, पास्टरने पैसे दिले असतील. पैसे! बाबा उलट पेन्शनमधून दशांश द्यायचे.

मग बाबा गेले. आईची कबर चर्चच्या दफनभूमीत, बाबांना तिच्याशेजारीच जायचं होतं. कमिटीवाले म्हणाले, आधी लिहून द्या की त्यांनी पाण्यात पुन्हा घेतलेला बाप्तिस्मा चूक होता. मेलेल्या माणसाच्या वतीने मुलांनी! इकडे ओट्यावर बर्फाच्या लाद्या वितळून पाणी पायरीवरून अंगणात चाललंय, गावात कुणी गेलं की सगळ्यात आधी पदर खोचून येणाऱ्या शेजारच्या काकू खिडकीतून बघतायत, आणि दादा सही करायला तयार. मी पेन हिसकावलं. शेवटी टेम्पो करून लांबच्या एका प्रोटेस्टंट दफनभूमीत नेलं.

दादा अजून म्हणतो, तुझ्या हट्टापायी आईबाबांची ताटातूट झाली, आणि वर चर्चच्या कायद्यातलं कलम 1184 दाखवतो. दादा, नीट वाच. उघडपणे चर्च सोडलेल्याने मरणाआधी पश्चात्तापाची खूण दाखवली नसेल तर अंत्यविधी नाकारायचा, असं आहे ते. मरणाआधी, त्याने स्वतः. आणि विधी मागितला होता कुणी? आम्ही नुसती जागा मागत होतो. शंका असली तर बिशपना विचारावं असंही त्याच कलमात आहे, विचारलं कुणी?

सगळे फादर असे नसतात हेही खरं, आणि आमच्यातले काही पास्टर मरियेबद्दल जे बोलतात ते ऐकून मलाही लाज वाटते, तेव्हा गावाचा राग अगदीच हवेतून येत नाही.

घरी सांगायचं म्हणाल तर बाहेरून कळायच्या आत सांगा, आईला आधी. पण त्याच्याही आधी तुमच्या सभेला स्वतःची दफनभूमी आहे का ते विचारा, बऱ्याच नव्या सभांकडे नसते. पास्टर म्हणेल विश्वास ठेवा. ठेवतो म्हणावं, जागा दाखवा.