सुपर मारिओचा स्पीडरन ५:१२ वर अडकलाय. ५ मिनिटांच्या आत यायला बटणं जलद दाबायचा सराव करावा का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये (१९८५ चा, वॉर्प म्हणजे मधल्या लेव्हल गाळून पुढे नेणारे पाइप घेऊन) स्पीडरनला, म्हणजे खेळ कमीत कमी वेळात संपवायला, ५:१२ लागतात, १-१ (पहिल्या लेव्हल) मध्ये कितीही जीव तोडून पळालं तरी वेळ तोच येतो, आणि बोटांचा वेग वाढवायला रोज बटणं बडवायचा सराव सुरू करायचा विचार आहे. तो सराव नको. या खेळात बटण किती वेळा दाबलं याला किंमत नाही, कोणत्या फ्रेमला (पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या एकेका चित्राला) दाबलं याला आहे.

बडवण्याचा उपयोग होतो तो निन्टेन्डोच्या टेट्रिसमध्ये. तिथे २९व्या लेव्हलपासून तुकडा दर फ्रेमला एक ओळ खाली येतो, म्हणजे २० ओळींचा रकाना सेकंदाच्या एक तृतीयांशात संपतो. बटण धरून ठेवलं तर तुकडा दर ६ फ्रेमला एक घर सरकतो, ते पुरत नाही. म्हणून खेळाडू अंगठा बटणावर नुसता टेकवून कंट्रोलरच्या पाठीवर बोटं एकामागोमाग आपटतात. त्या तंत्राला रोलिंग म्हणतात. मारिओत त्याचं काही काम नाही.

१-१ चं कोडं सुटलं की बाकीचा रन समजायला सोपा जातो. या खेळात वाचवलेला वेळ सुट्या पैशांत मिळत नाही, बंद्या नोटेतच मिळतो. मशीन सेकंदाला साधारण ६०.१ फ्रेम दाखवतं. लेव्हल संपल्यावर पुढची लगेच सुरू होत नाही. खेळाच्या आत २१ फ्रेमचा एक काउंटर सतत फिरत असतो, तो शून्यावर आला की मगच दार उघडतं. यालाच फ्रेमरूल म्हणतात, आणि एक फ्रेमरूल म्हणजे ०.३५ सेकंद. दार उघडायला १८ फ्रेम असताना पोचलात काय आणि २ फ्रेम असताना पोचलात काय, बाहेर एकाच वेळी पडणार. पण दार बंद झाल्यावर एक फ्रेम जरी उशीर झाला तरी पूर्ण २१ गेल्या. तुम्ही १-१ मध्ये १०-१२ फ्रेम खरोखरच वाचवत असाल, पण त्या दाराशी उभं राहण्यात जातात.

रनमध्ये आठ लेव्हल येतात: १-१, १-२, ४-१, ४-२, ८-१, ८-२, ८-३, ८-४. पहिल्या सातांना हा नियम लागू आहे. ८-४ ला नाही, कारण शेवटी असलेल्या कुऱ्हाडीला हात लागताच घड्याळ थांबतं आणि तिथे प्रत्येक फ्रेम मोजली जाते. गंमत अशी की १-१ रनच्या सुरुवातीला असल्याने सगळ्यांचा हात तिथे सर्वात जास्त बसतो आणि ८-४ ला सर्वात कमी. हे उलटं करा. सेव्ह-स्टेट (खेळ हव्या त्या क्षणी जपून तिथूनच पुन्हा सुरू करायची सोय) लावून ८-४ रोज आधी खेळा.

तुमचे १२ सेकंद बहुधा ४-२ मधला वेल, ८-१ आणि ८-३ मध्ये थबकणं, आणि ८-४ चे पाइप यांत आहेत. फटाकेही बघा. झेंड्याच्या खांबाला हात लागताना टायमरचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर तितके फटाके उडतात आणि ते संपेपर्यंत लेव्हल सुटत नाही. ६ आला की अनेक फ्रेमरूल एका दमात गेले. टायमरचा एक आकडा २४ फ्रेमचा असतो, म्हणून आकडा वाईट येतोय असं दिसलं तर क्षणभर थांबून पुढचा आकडा घेणं परवडतं.

आता ४-२. वेल चढून वॉर्प झोनला जाणं सुरक्षित आहे, पण फार हळू. त्याऐवजी रॉन्ग वॉर्प शिका. खाली जाणारा पाइप कुठे नेणार, हे पाइपवर लिहिलेलं नसतं. पडदा जसा सरकतो तसा खेळ पुढच्या प्रवेशाचा पत्ता बदलत जातो. आधीचा पत्ता वेलाचा असतो, नंतरचा नाण्यांच्या खोलीचा. पडदा पुरेसा सरकायच्या आत पाइपमध्ये शिरलात तर खेळाकडे जुनाच पत्ता असतो आणि मारिओ थेट वॉर्प झोनकडे निघतो.

मग पडदा मागे ठेवून मारिओला पुढे कसं न्यायचं? मारिओ धावत असताना पडद्याच्या डाव्या कडेपासून ११२ पिक्सेलवर असतो आणि कॅमेरा त्याच्या वेगाबरोबर सरकतो. पण मारिओ विटेत घुसला आणि खेळाने त्याला बाहेर ढकललं, तर ते ढकलणं कॅमेऱ्याला कळत नाही. ढकलणं दर फ्रेमला एक पिक्सेल असतं. असे सुमारे २० पिक्सेल जमवायचे. त्यासाठी उडी मारायची, हवेत डावीकडे वळायचं आणि मारिओची पाठीमागची बाजू विटेच्या कडेत रुतवायची. वळायला उशीर झाला आणि वेग उजवीकडेच राहिला तर खेळ ढकलतच नाही, आणि नवशिक्यांचे बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. जमलं की नाही ते पाइपपाशी पोचायच्या आधीच दिसतं: मारिओ पडद्याच्या मधोमध नसतो, स्पष्ट उजवीकडे असतो. तसा नसेल तर पाइप सोडा आणि वेल घ्या. नाण्यांच्या खोलीत पडलात तर रन संपला.

८-४ मध्ये एका पाइपवर चढायला अदृश्य ठोकळ्याला खालून धडक देऊन तो दिसता करावा लागतो आणि त्यावर चढावं लागतं. त्याऐवजी भिंतीवरून उडी घेता येते. ठोकळे १६ पिक्सेल उंच असतात. मारिओचे पाय दोन ठोकळ्यांच्या सांध्यावर असताना तो पूर्ण वेगाने, म्हणजे फ्रेमला २.५ पिक्सेलने, भिंतीत घुसला तर एका फ्रेमपुरता तो ‘जमिनीवर’ धरला जातो. त्या फ्रेमला ए (उडीचं बटण) दाबायचं. वेग कमी असेल तर पाय पुरेसे आत जात नाहीत. तेव्हा चुकल्यावर ए चं टायमिंग बदलत बसू नका, आधी धाव कुठून घेताय ते तपासा. सुरुवातीला ठोकळाच वापरा, पण न थांबता.

फ्लॅगपोल ग्लिच (झेंडा खाली येण्याची वाट न बघता लेव्हल संपवायची युक्ती) सगळ्यात शेवटी. तो १-१, ४-१ आणि ८-३ मध्ये करतात. मारिओ खांबाला धरून असताना खेळ दर फ्रेमला दोन गोष्टी विचारतो: झेंडा तळाला आला का, किंवा मारिओ ठरलेल्या उंचीच्या खाली आहे का. एकाचंही उत्तर हो आलं की घसरणं संपलं. खांबाच्या पायथ्याच्या ठोकळ्यावर उभा मारिओ त्या उंचीपेक्षा दोनच पिक्सेल वर असतो. म्हणून त्याला ठोकळ्याच्या वर न चढवता ठोकळ्याच्या आत घालायचं. उजवीकडे धावत ठोकळ्यात शिरायचं आणि मग वेग डावीकडे वळवायचा. भिंत उजवीकडे आणि वेग डावीकडे असेल तर खेळ बाहेर ढकलायचं सोडून देतो. त्या अवस्थेत खांब हाती लागला की झेंडा वरच राहतो आणि मारिओ लगेच वाड्याकडे चालू लागतो. यात पिक्सेलच्या सोळाव्या भागापर्यंतची जागा जुळावी लागते, म्हणून पायऱ्यांवरून प्रत्येक वेळी हुबेहूब तीच उडी घ्यायला हवी. ८-२ मध्ये हेच काम बुलेट बिलवर (तोफेतून सुटणाऱ्या गोळीच्या रूपातल्या शत्रूवर) उसळून करतात.

५ मिनिटांच्या आत यायला फ्लॅगपोल ग्लिच लागत नाही, हे ठामपणे सांगतो. रॉन्ग वॉर्प, न थबकता ८-१ ते ८-३ आणि स्वच्छ ८-४ एवढं पुरतं. ग्लिच लागतात ते वरच्या रांगेत. २०२१ मध्ये निफ्टस्की या स्पीडरनरने पहिल्यांदा ४:५५ च्या आत रन केला (४:५४.९४८) आणि २०२३ मध्ये तो ४:५४.६३१ वर आणला. म्हणजे दोन वर्षांहून जास्त सराव करून मिळाले ०.३१७ सेकंद, एका फ्रेमरूलपेक्षाही कमी.

यंत्राबद्दल. घरी नव्वदीतला कॅसेटवाला टीव्ही गेम असेल तर त्यावर वेळ मोजू नका. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे होते, त्यामुळे ते मशीन ५० फ्रेमचं असू शकतं. मग सगळा खेळ सहाव्या भागाने हळू चालतो आणि हाताला चुकीचा ताल लागतो. लॅपटॉपवर मेसेन किंवा एफसीईयूएक्स हा इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) पुरेसा आहे, फक्त रॉम (खेळाची फाइल) अमेरिकन किंवा जपानी आवृत्तीचा घ्या. टीव्हीला जोडत असाल तर गेम मोड चालू करा, नाहीतर चित्रच काही फ्रेम उशिरा दिसतं.

कीबोर्ड चालतो, निफ्टस्कीही कीबोर्डवरच खेळतो. मात्र डावं-उजवं बाण एकत्र दाबण्याची सोय इम्युलेटरमध्ये बंद ठेवा. मूळ कंट्रोलरवर ते शक्य नसतं आणि स्पीडरनच्या वेळा नोंदवणाऱ्या स्पीडरन डॉट कॉमच्या यादीत तसा रन धरत नाहीत. घड्याळ १-१ मध्ये ४०० दिसल्यावर सुरू होतं, तेव्हा रेकॉर्डिंग टायटल स्क्रीनपासूनच चालू ठेवा.