डासांच्या मागे फिरून पोट भरतं का?

डिचोलीहून एका आईचं पत्र आहे. मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. नीटमध्ये गुण कमी पडले. आता म्हणते, डेंगी-मलेरियाची साथ आधीच ओळखायचं काम करीन. आई विचारतात, डासांच्या मागे फिरून पोट भरतं का?

ताई, हे काम डासांपेक्षा आकड्यांचं जास्त आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात 2004 पासून चालू आहे. त्यात उपकेंद्रावरचे आरोग्य कर्मचारी 'एस' फॉर्म, म्हणजे लक्षणांवरून पेशंट मोजायचा तक्ता, भरतात, आता ऑनलाइन. त्यात डेंगी असा शब्द शोधून सापडायचा नाही. नुसता ताप, तापासोबत पुरळ, तापात रक्तस्राव, तापात शुद्ध हरपणं, असे रकाने. रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत दिवस जातात. तोवर एखाद्या वाड्यावर ताप वाढलाय हे इथे दिसतं, आणि फवारणीवाले, पिंपं-टायर तपासणारे वेळेत पोचतात.

खरी गोम आकडा वाचण्यात आहे. चवथीच्या आठवड्यात पेशंट घटले, म्हणजे डास घटले असं नव्हे. अर्धे दवाखाने बंद, माणसं गणपतीला गावच्या घरी. पुढच्या आठवड्यात आकडा उसळला की साथ आली म्हणून धावायचं, की साचलेले पेशंट एकदम आले म्हणायचं? बांधकामावरचा मजूर तर कित्येकदा खासगी डॉक्टरकडे जातो, तो या फॉर्ममध्ये दिसेलच असं नाही. हे गोव्यात वाढलेल्या मुलीला पटकन कळेल.

आता पोटाचं. साथरोगतज्ज्ञाच्या जागांसाठी बहुतेक जाहिरातींत आधी एमबीबीएसवाल्यांना पसंती असते, हे तिला स्पष्ट सांगा. एंटोमॉलॉजिस्टच्या, म्हणजे कीटकतज्ज्ञाच्या, जागेला मात्र प्राणिशास्त्रातली एमएस्सी चालते. म्हणून माझं मत, आधी तो रस्ता धरावा. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राची एमएस्सी होते. सार्वजनिक आरोग्यातली एमपीएच नंतरही करता येईल. सरकारी जागा बऱ्याचदा कंत्राटी असतात, पगारही डॉक्टरइतका नाही. ते मान्य असेल तरच पुढे जा.

तोवर तिने संख्याशास्त्र पक्कं करावं. 'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकून घ्यावं. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून मलेरियावाल्यांबरोबर एक दिवस हिंडावं. उन्हात टाक्या उघडून बघण्याचा कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं. आणि भारी फीचे तीन महिन्यांचे सर्टिफिकेट कोर्स आत्ता नकोत. ते पैसे पुदुच्चेरीतल्या राहण्या-जेवणासाठी बाजूला ठेवा.